समोरच्याची बाजू

ताईचं पुस्तक कोर्टात वाचलं जात होतं, आणि वाचणारा वकील कंपनीचा होता.

"'ज्याने आपली ओळख स्वतःहून पुसली, त्याने तिच्यासोबत मिळणारं संरक्षणही सोडलं.' हे मी म्हणत नाही, साहेब. वादीची सख्खी बहीण म्हणते. नागरी हक्कांची सगळ्यात मोठी अभ्यासक!"

वादी म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तो आडनाव बदलून लागला होता. खरं आडनाव सांगितलं असतं तर वस्तीतला म्हणून कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. पुढे बिंग फुटलं. आधी त्याचं कपाट बाहेरच्या बोळात गेलं. मग दोघांनी चालवायच्या मशीनवर त्याचा जोडीदार व्हायला कुणी तयार होईना. मग 'सहकाऱ्यांशी जुळत नाही' म्हणून हातात नारळ. जन्मावरून कुणाला कामावरून काढू नये, असा कायदा आहे. कंपनी म्हणे, जन्म यानेच लपवला, आता त्याचाच आधार कसा मागतो?

हे इतक्या सफाईने मांडायची अक्कल कंपनीच्या बापाला नव्हती. ती ताईने पुरवली.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची आणि मगच खोडायची, हा तिच्या धंद्यातला रिवाज. बाकीचे तो शिकतात आणि विसरतात. त्यांना परवडतं. वस्तीतली बाई आपल्याच लोकांवर लिहिते म्हटल्यावर मात्र विद्वान मंडळी आधीच नाक मुरडतात, की आता ही रडगाणं गाणार. ताईने ते गायलंच नाही. शत्रूची बाजू घासूनपुसून अशी लखलखीत केली की परीक्षकांचे डोळे दिपले. किती तटस्थ! त्या तटस्थपणावर तिला प्राध्यापकाची खुर्ची मिळाली. मारणाऱ्याकडे कुणी तटस्थपणा मागत नाही. तो मार खाणाऱ्यानेच दाखवायचा असतो.

"पुढच्याच पानावर मी ते खोडलंय," मधल्या सुटीत ती भावाच्या वकीलबाईंना म्हणाली.

"वाचलंय ना. त्यांच्यासाठी पानंच्या पानं, आणि आपलं दोन परिच्छेदांत उरकलंय."

"मग मला साक्षीला उभं करा."

"करते. पण एकच वाक्य बोलायचं. त्याने लपवलं नाही, त्याला लपवायला लावलं. बस्स. तिथं वर्ग घेऊ नका."

भाऊ कसनुसं हसला. "ताई, आजच्या दिवस माझ्या बाजूने बोल हं. तुझं काही सांगता येत नाही."

"गप रे!"

ताई पिंजऱ्यात उभी राहिल्यावर वकीलबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला, "तुमच्या भावाने ओळख लपवली का?"

वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ही परीक्षकाची नजर ताईच्या ओळखीची होती. हिच्यापुढेच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"याला दोन बाजू आहेत," ती म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले. ताईने पहिली बाजू मांडायला घेतली आणि अशी मांडली, की न्यायाधीशांचं पेन धावायला लागलं. भावाची मान खाली गेली ती वर आली नाही. वकीलबाईंनी मध्येच तोडून प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ताईने ते वाक्य म्हटलं. पण आता ते घरून पाठ करून आणल्यासारखं वाटलं. पेन हललं नाही.

"मला काही विचारायचं नाही," कंपनीचा वकील बसल्या जागेवरूनच म्हणाला. "बाईंनी सगळं सांगितलंय."

निकाल विरुद्ध गेला. विभागप्रमुखांचा फोन आला, "अभिनंदन! निकालात तुमचा उतारा जसाच्या तसा घेतलाय!" ताईने फोन ठेवला आणि भावाच्या घरी गेली.

तो बॅग भरत होता. दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं, काचांचंच. बायको-पोरं मागाहून जाणार होती.

"कुठल्या आडनावावर?" तिने विचारलं.

"नव्या."

"कुठलं घेतलंस?"

त्याने बॅगेची चेन लावली, दोनदा ओढून पाहिली.

"ते तुला नाही सांगणार, ताई."