बुधवारची घंटा

मी कॉलेजात समुपदेशक आहे. ज्या मुलामुलींचं जेवणाशी आणि आरशाशी भांडण आहे, ती दर बुधवारी दुपारी माझ्या खोलीत जमतात आणि आम्ही एकत्र डबा खातो. भिंतीवर माझ्याच गिचमिड अक्षरात एकच नियम आहे: कुणाच्याही शरीराबद्दल बोलायचं नाही, स्वतःच्यासुद्धा. कुणी बोललं की घंटा वाजवायची. घंटा दर आठवड्याला नव्या हातात.

आता माझी हुशारी ऐका. मुलांना मोकळं वाटावं म्हणून मी सुरुवातच स्वतःवरच्या विनोदाने करायचे. बसताना खुर्चीची माफी मागायची, दाराच्या रुंदीबद्दल तक्रार करायची. लहानपणी दादाने माझं नाव 'टाकी' ठेवलं होतं. तेव्हापासून दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं, हा माझा खाक्या. मुलं हसायची, घंटा मात्र गप्प. मॅडमपुढे वाजवणार कोण? मला वाटायचं, काय छान जमतंय!

जमत नव्हतं ते फक्त एका मुलीचं. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची, काखेत सदैव कागदाची गुंडाळी, म्हणून सगळे तिला 'नकाशा' म्हणायचे. पाच बुधवार तिने डबा उघडलाच नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, या महिन्यात चार माणसांत बसून खायला लागली नाही, तर वर्ष सोडून दवाखान्यात भरती व्हावं लागेल. हा महिन्याचा शेवटचा बुधवार. मी धास्तावले होते. काहीतरी करायचं म्हणून घंटा तिच्या हातात दिली.

मग सवयीने खुर्चीची माफी मागितली. घंटा वाजली.

मुलं चपापली. मी हसत म्हणाले, "अगं, मी माझ्याबद्दलच बोलतेय. ही टाकी काय..."

पुन्हा घंटा.

"गंमत गं ती!"

"मॅडम, मीही स्वतःला हसणं गंमत म्हणूनच सुरू केलं होतं." घंटा तिने घट्ट धरली होती. "तुम्ही स्वतःला असं बोललात की माझा डबा उघडतच नाही. तुम्ही स्वतःलाच सोडत नाही, मग मनात मला काय म्हणत असाल?"

पाच आठवडे मी तिच्या फायलीत 'प्रतिसाद नाही' असं ठसक्यात लिहीत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि तुमच्या डब्यात कायम काकडीच असते," मागून कुणीतरी पुटपुटलं.

'सकाळी भरपूर झालं' हे माझं ठरलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. खरं तर सकाळपासून मी नुसत्या चहावर होते. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं टांगलेली, चाळिशी उलटलेली बाई, आणि पुढ्यात काकडीच्या चकत्या! मला स्वतःची लाज वाटली.

"मला भूक लागलीये," मी म्हणाले. त्या खोलीत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

नकाशाने डबा उघडला. आत दोन सँडविच होती. एक तिने माझ्यापुढे सरकवलं.

"आधी तुम्ही."

मी घास घेतला. ती बघत राहिली. मग तिने दुसऱ्याचा कोपरा तोडला, बराच वेळ बोटांत धरला आणि तोंडात टाकला. थोड्या वेळाने आणखी एक.

तेवढ्यात माझी खुर्ची कुरकुरली. एक फर्मास विनोद सुचला. तिचा हात घंटेकडे गेलेला मला दिसला. मी मोठा घास घेतला आणि विनोद त्याच्यासोबत गिळून टाकला.