ताणावरची बाग

किन्हीराजात मी आठवडाभर काहीही न करता राहणार होते. पुण्याच्या प्रयोगशाळेतून महिनाभराची रजा काढून एसटीनं, एका गावी एक आठवडा, असं हिंडायचं ठरवलं होतं. इथं वसतिगृहातली मैत्रीण नीलिमा होती. तिचा नवरा प्रसेनजित वाशीमला नोकरीला, म्हणून शेत तीच पाहते.

तिसऱ्या दिवशीच मला बसवेना. पुस्तक उघडलं, मिटलं. फाट्यापर्यंत जाऊन आले, पुन्हा गेले. गावात कुणालाच घाई नव्हती आणि त्याचाच मला त्रास होत होता. तिचे सासरे देवमनबाबाही तसेच. चहा अर्धा सोडून शेताकडे जायचे, परत यायचे, पुन्हा निघायचे. मी त्यांच्यासोबत चालू लागले.

शेतात संत्र्याची बाग ताणावर होती. नीलिमानं पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं. बहार हवा असेल तर झाडांचं पाणी मुद्दाम तोडायचं, पानं मलूल होऊन वळेपर्यंत थांबायचं, मगच पाणी द्यायचं. आधी दिलं तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते आणि वर्ष जातं. आजवर बाबाच पाणी सोडायचे, दरवेळी घाईनं, आणि बहार कधी भरून आला नव्हता. यंदा पहिल्यांदा निर्णय नीलिमाचा होता. तिच्या हिशेबानं अजून चार-पाच दिवस लागणार होते.

त्या दुपारी ती बचत गटाच्या बैठकीला तालुक्याच्या गावी, मालेगावला गेली. बाबा घरात दिसेनात, म्हणून मी शेताकडे निघाले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर पोचले तर मोटर चालू होती. पहिल्या ओळीच्या आळ्यांत पाणी पसरत होतं. काळ्या जमिनीच्या भेगा ते गटागटा पीत होत्या. क्षणभर मलाही बरं वाटलं. मग मी स्टार्टरच्या पेटीकडे धावले.

बाबा पेटीला पाठ लावून उभे होते.

"बंद नको करू, पोरी. झाडाईचा जीव चालला."

"बाबा, नीलिमाचं वर्ष आहे यात."

"मी काय तिचा दुश्मन हावो? मले पाह्यवत नाही. घरी बसलो तरी तेच दिसते."

मी पाहुणी. त्यांना बाजूला व्हा म्हणण्याचा मला काय अधिकार? पाणी दुसऱ्या ओळीकडे वळत होतं. मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून लाल बटण दाबलं. ते हलले नाहीत. मोटर थांबली तसे धुऱ्यावर खाली बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी फावडं घेऊन दुसऱ्या ओळीचं तोंड मातीनं बंद केलं, कसंबसं.

संध्याकाळी नीलिमा परस्पर शेतातच आली. काय सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "म्या सोडलं पाणी."

ती पहिल्या ओळीतून चालत गेली. चिखलात बोट घालून पाहिलं, दुसऱ्या ओळीची पानं हातात घेतली. परत येऊन म्हणाली की एक ओळ गेली, बाकी बाग ताणावरच आहे. आवाज चढला नाही, पण चिखलाचा हात ती पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती.

बाबांनी तो हात पाहिला.

"पेटीले कुलूप लाव," ते म्हणाले. "अन् चाबी कोठं ठेवली ते मले सांगू नको. मी इचारलं तरी."

बाबा घराकडे निघून गेल्यावर नीलिमानं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडून ते हिसकावून घेणार नाहीत," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलंच, "चाबी तुयाजोळ हाये न?"

"सांगणार नाही."

"नकोच सांगू," म्हणून त्यांनी अर्धा कप खाली ठेवला आणि शेताकडे निघाले. मीही चप्पल पायात सरकवली.