हललेल्या चित्रांची किंमत

चित्राची किंमत टेपने ठरवायची, मनाने नाही, हा तिचा जुना नियम. कागदाची लांबी-रुंदी मोजायची, ठरलेल्या दराने गुणायची, आकडा पाठीमागे पेन्सिलीने लिहायचा आणि मोकळं व्हायचं. मनाचं काय, खुशीत असलं की अव्वाच्या सव्वा सांगतं आणि खचलं की रद्दीच्या भावात देऊन टाकतं. बाकीचे चित्रकार तिच्या टेपला हसत. पण त्यांची चित्रं पलंगाखाली धूळ खात पडत आणि हिची विकली जात, त्यामुळे त्या हसण्याला फारसा जोर नव्हता.

नियमाला पोटनियम एकच. समोरचा माणूस हलला आणि रेघ दोनदा ओढावी लागली, की ते चित्र अर्ध्या किमतीच्या चळतीत. आता तिचा फुकटचा मॉडेल म्हणजे तिचा नवरा, आणि तो तर हलण्यासाठीच जन्माला आलेला. चित्राला बसला रे बसला की त्याच्या नाकाला खाज सुटायची, चहाची आठवण यायची, खिडकीतून कुणीतरी ओळखीचं दिसायचं. "हलू नकोस रे" हे त्या घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

"माझ्या हलण्याचे पैसे कापतेस," तो म्हणायचा, "उद्यापासून मी बसण्याचे लावतो."

मग एका सकाळी तो खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेला दिसला. उजेड गालावर छान पडला होता. हातातला चहा बाजूला ठेवून तिने हाताला लागला तो लहानसा कागद ओढला आणि चित्र काढलं. एकही रेघ पुन्हा ओढावी लागली नाही. "आज कसा शहाण्यासारखा बसलायस," असंही ती म्हणाली. चित्र पुरं झाल्यावर ते दाखवायला ती उठली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. झोपेतच गेला, एवढंच सांगितलं. लोक येऊन तिच्या वाटचं रडून गेले आणि तिने त्यांना पाणी दिलं. तिला काहीच वाटत नव्हतं. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. ते चित्र मात्र घरात नकोसं झालं. फाडायला हात होईना, ठेवायला जागा सापडेना. कुणीतरी ते घेऊन जावं, दूर कुठेतरी न्यावं, इतकीच तिची इच्छा उरली होती.

म्हणून काही महिन्यांनी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याने आपल्या दुकानातली एक भिंत तिला महिनाभर दिली, तेव्हा तिने तेही नेलं. फ्रेमवाला नवऱ्याचा जुना दोस्त. चित्र शेवटचं आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"वहिनी, हे कशाला विकता?" तो म्हणाला. "आणि विकायचंच तर भाव तरी असा टाका की कुणी हात लावणार नाही."

"टेपने आलं ते आलं, भाऊजी."

कागद लहान, म्हणून भिंतीवरचं सगळ्यात स्वस्त चित्र तेच ठरलं. हललेल्या चित्रांची चळत खाली टेबलावर होती.

दुसऱ्याच आठवड्यात, ती दुकानात असताना, एक बाई आली. डोळ्यांखाली काळं, एका खांद्यावर भाजीची पिशवी. भिंतीवर नजर फिरवत ती नेमकी त्या चित्रापाशी थांबली.

"किती शांत झोपलेत हो हे. आमच्या लेकाचा डोळ्याला डोळा लागत नाही. त्याच्या खोलीत लावते, बघून तरी झोपेल."

फ्रेमवाल्याने चित्र उतरवलं, काचेवरून फडकं फिरवलं. बाईने पर्स उघडली. हिने नुसतं गप्प राहायचं होतं, की झालं. तिला हवं होतं तेच आयतं होत होतं. पण ते चित्र पोराच्या उशाशी लागणार, हे काही तिला गिळता येईना.

"ताई, ते झोपलेले नाहीत," ती म्हणाली. "गेलेले आहेत. मला चित्र पुरं झाल्यावर कळलं."

फ्रेमवाल्याचं फडकं जागीच थांबलं. बाईने पर्स मिटली नाही. चित्र तिने दोन्ही हातांनी उचलून हिच्याकडे दिलं. तशीच निघून जायला जड वाटलं असेल, म्हणून ती टेबलावरची चळत चाळू लागली आणि एका कागदाशी एकदम हसली. त्या चित्रात माणसाला तीन कोपरं होती आणि नाकाच्या दोन जागा.

"हे तर आमचंच कार्टं, मोठं झालेलं. हे द्या मला. अर्धी किंमत आहे ना?"

"नाही. पूर्ण."

"पण मागे लिहिलंय."

"हलला म्हणून कापली होती," ती म्हणाली. "माझी चूक झाली."

फ्रेमवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. लिहिलेला भाव गिऱ्हाइकासमोर वाढवायचा नाही, हा धंद्याचा पहिला धडा, आणि तो त्यानेच तिला दिला होता. बाईने चित्र उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं.

"ह्यात ते..." पुढे कसं विचारावं ते तिला कळेना.

"ह्यात तो हलतोय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं एकदम आलं. चांगलं हुंदके देऊन, नाक ओढत ती रडली. बाईने टेबलावर पूर्ण पैसे ठेवले आणि तिची पाठ थोपटत उभी राहिली. भाजीची पिशवी खांद्यावरून घसरत होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

बाई गेल्यावर तिने डोळे पुसले, चळत पुढ्यात ओढली आणि भाऊजींकडे खोडरबर मागितलं. एकेक कागद पालथा करून ती अर्धी किंमत खोडून पूर्ण किंमत लिहीत गेली. शेवटी तिने ते लहान चित्र पालथं केलं. त्याचीही किंमत खोडली आणि तिथे काही लिहिलं नाही.