चांदीची घट

सोनारानंच कान टोचावेत, असं म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्याच्या घरात सोनार नसणार. आमच्या घरात आहे. बाबा. दिवसभर चांदीची भांडी घडवतात आणि जेवायला बसले की माझे कान टोचतात.

"आज किती चांदी पाण्यात घातलीस?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

घालवत नाही हो! मी प्रयोगशाळेत चांदीचे कण बनवते, डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक. ते काचेच्या पट्टीवर बसवायचे, त्यावर अगदी पातळ असा काचेचाच थर द्यायचा आणि वर चमकणारा रंग सोडायचा. उजेड पडला की कणांमधले इलेक्ट्रॉन सगळे एका तालात झुलायला लागतात, प्रकाश आपल्याभोवती गोळा करतात आणि शेजारचा रंग एरवीपेक्षा कितीतरी पट उजळतो. शेजारचा हं, चिकटलेला नाही. चिकटला की विझतो, म्हणून तर मधे तो थर. उद्या रक्ताच्या थेंबात रोगाचा नुसता मागमूस असला तरी तो चमकून दिसावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

हे पुराण बाबांना ऐकवून माझं तोंड दुखलं. शेवटी एकदा कणांची बाटलीच घरी आणली. बाबांनी ती खिडकीशी धरली, हलवली, पुन्हा धरली.

"पिवळं आहे हे."

"एवढी बारीक चांदी पाण्यात पिवळीच दिसते, बाबा."

"चांदी. आणि पिवळी." त्यांनी आईकडे पाहिलं. "अगं, पोरीला कुणीतरी फसवलंय."

आई हसता हसता खाली बसली. मी तणतणत उठले. पण त्यानंतर बाबा जे बोलले ते मात्र लागलं. दुकानातला केर ते कधी फेकत नाहीत, जाळून त्यातली चांदी काढतात. तरीही जी हाती लागत नाही, तिला त्यांच्या धंद्यात घट म्हणतात. "जी दिसत नाही, हातात येत नाही, ती घट," ते म्हणाले. "आम्ही जन्मभर घट वाचवली आणि तू घटच बनवायला निघालीस, बाळा."

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला होता. माझी मुलगी चांदीकाम करते, असं बाबांनी चारचौघांत एकदा तरी म्हणावं. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "ती ना, काहीतरी करते." काहीतरी! रोज माझा पिट्ट्या पडतोय आणि हे म्हणे काहीतरी!

मग आमच्या संस्थेत घरच्यांना आणि पाहुण्यांना काम दाखवायचा दिवस आला. बाबांना इस्त्रीचा शर्ट चढवून आई त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. माझ्या हाताशी एकच धड पट्टी होती. बाकीच्यांवर कुठे थर जाड झाला होता, कुठे कणांच्या गुठळ्या झाल्या होत्या. ही पट्टी टेबलावर ठेवली, दोघांना खुर्च्या दिल्या आणि शेजारच्या खोलीतल्या फ्रीजमधून रंग आणायला गेले.

परत येऊन बघते तर काय! बाबांनी खिशातलं पॉलिशचं फडकं काढलं होतं आणि मान तिरकी करून ते माझी पट्टी घासत होते. ते फडकं कायम त्यांच्या खिशात असतं. दुसऱ्याच्या घरचे चमचेसुद्धा सुटत नाहीत.

"बाबा!"

"काळवंडली होती गं. पाहुणे येणार, बरं दिसतं का ते? हे बघ, लख्ख केली."

लख्ख! काचेतून पलीकडचं टेबल दिसत होतं.

"अहो, काय केलंत हे!" आईनं कपाळावर हात मारला.

"काय केलं? पुसलं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "कित्येक महिन्यांची मेहनत होती ती! आता झाली खरीखुरी घट. झालं समाधान?" मी ओरडलेच. बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम पाहुण्यांना घेऊन आत आल्या. आता पळणार कुठे? आलिया भोगासी म्हणत मी पट्टीवर रंग सोडला, धुतला, पडदे ओढले आणि निळा दिवा लावला.

पट्टीभर मिणमिणता हिरवा उजेड होता. आणि एका कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या जागेत, असा झगमगाट की पाहुण्यांमधल्या एक आजी "अगं बाई!" म्हणून मागे सरकल्या.

मला आधी कळेचना. मग ट्यूब पेटली. बाबा चांदीला उघडं बोट कधी लावत नाहीत, डाग पडतो. तो कोपरा त्यांनी फडक्याच्या घडीत चिमटून धरला होता. जिथे धरलं, तेवढंच घासायचं राहिलं होतं.

"वा!" मॅडम खूश झाल्या. "चांदी असलेली आणि नसलेली जागा एकाच पट्टीवर! कुणाला सुचलं हे?"

मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा टेबलाशी आले. वाकून त्यांनी आपला अंगठा त्या झगमगाटाशेजारी धरला. तंतोतंत जुळला.

"ही चांदी?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"तुझी?"

"माझी. तुमच्याकडून पुसायची राहिलेली."

ते अजून वाकलेलेच होते. शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, "आपणही याच क्षेत्रातले का?"

बाबा ताठ झाले. "हो तर. चांदीकाम," ते म्हणाले आणि माझ्याकडे मान वळवली. "बापलेक दोघंही."

मला रडू आवरेना. बरं झालं, अंधार होता.

निघताना बाबांनी खिशातलं फडकं काढून माझ्या हातात कोंबलं.

"हे तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "अजून तो एक कोपरा राहिलाय, आणि माझा हात काही थांबायचा नाही."