आईच्या गुडघ्याचा सूर

त्या घरात दोघींचं बोलणं एकटी आईच बोलायची. कुणी लेकीला "कशी आहेस?" विचारलं, की आई म्हणायची, "आम्ही मजेत!" लेक पंचविशीची. हातपाय तिच्या ताब्यात नव्हते, वाचा नव्हती. डोळे गच्च मिटले म्हणजे 'नको', एवढा एकच शब्द तिच्यापाशी होता, आणि घास भरवताना आईला तो बिनचूक कळायचा.

संगीताच्या कार्यशाळेतल्या बाईंनी लेकीच्या चाकाच्या खुर्चीला, गालाजवळ, एक मऊ गादी बसवली होती. तिला गाल टेकला की घंटेसारखा सूर निघे. कार्यक्रमात सगळ्या गटाची धून तिच्या सुराने संपायची होती. तो आलाच नाही तर? लोक हसतील. लोकांचं हसणं आईने आजवर पुष्कळ गिळलं होतं. म्हणून सरावाला ती खुर्चीमागे उभी राही आणि वेळ आली की गुडघ्याने हळूच धक्का देई. मान कलंडे, सूर वाजे, टाळ्या पडत. चोरीच ती, पण मायेला आपली चोरी कधी दिसली आहे?

रंगीत तालमीनंतर बाईंनी आईला बाजूला घेतलं. उद्या तुम्ही प्रेक्षकांत बसा, म्हणाल्या. मी मागे उभी असल्याशिवाय तिचं चालत नाही, असं आईने सांगून पाहिलं.

"तुमचा सूर मी रोज ऐकते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो वाजला की ती डोळे मिटते. तुम्हाला मागून दिसत नाही."

"रंगून जात असेल हो."

"घरी कधी मिटते?"

घास नको असला की, आईला आठवलं. तिने विचारलं, "आणि तिने वाजवलाच नाही तर?"

"तर नाही वाजणार. नाही म्हणायचा हक्कही तिचाच आहे ना? आपण वाट बघायची."

दुसऱ्या दिवशी आई प्रेक्षकांत बसली. धून शेवटाशी आली आणि थांबली. सभागृह गप्प झालं. कुणी खोकलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आईचा गुडघा आपसूक उचलला गेला, तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. लेकीची मान थरथरत गादीकडे निघाली आणि भलतीकडेच वळली. आई अर्धवट उठली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. आई खाली बसली.

आणि सूर वाजला! उशिरा, पण वाजला! टाळ्या सुरू होताहेत तोच दुसरा वाजला, मग तिसरा. ते धुनेत नव्हतेच. ते तिचे होते. आई हसत होती आणि रडत होती.

बाहेर शेजारीण लेकीला म्हणाली, "काय गं, कसं वाटलं?"

"आम्हाला..." आईने तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्चीमागून ती पुढे आली, लेकीसमोर बसली.

मंडळी, ज्याचे हात चालत नाहीत त्याचे हात आपण जरूर व्हावं, पण त्याचं मन होऊ नये. त्याला विचारावं, आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबावं.

"पुन्हा वाजवायचंय तुला?" आईने विचारलं आणि ती थांबली. लेकीचे डोळे टक्क उघडे होते.