स्लावाच्या दिवशीचे मुके

कुलूप तुम्ही लावलंत, साहेब. तुमचं नाव मी लिहीत नाही. इथं सर्बियात, निश शहरात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. इस्पितळाची जनुकं तपासायची प्रयोगशाळा दुसऱ्या खात्याकडे द्यायची म्हणून तुम्ही काम बंद पाडलंत, आणि माझ्या बहिणीचा, ल्युबिंकाचा, जीव तिथंच अडकून पडला.

तिचा वुकान सहा वर्षांचा. रक्ताच्या कर्करोगातून उठला, डोक्यावर केस आले, म्हणून आम्ही त्याला गावी स्लावाला नेलं, घराण्याच्या संताच्या सणाला. आमच्यात पाहुणा तीनदा मुका घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. सगळ्यांनी पोराचे गाल लाल केले. हिवाळा सरायच्या आत आजार उलटला. चेरी फुलल्या तेव्हा पोरगं नव्हतं.

मिलेवा डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. "बाई गं, मुक्यानं हा आजार परतत नसतो. औषधाला दाद न देणाऱ्या थोड्या पेशी बहुतेकदा पहिल्यापासूनच दडून असतात. वुकानच्या हाडातल्या मगजाचे दोन नमुने, पहिल्या आजारातला आणि आजार उलटल्यावरचा, प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेत. जनुकं ताडून पाहिली की कदाचित दिसेलही."

"कदाचित?"

"खोटं कशाला बोलू?"

त्या कदाचितवर ती जगतेय. मोज्यांच्या कारखान्यात जाते, येते, रांधते. पण तेव्हापासून तिनं कुणाचा मुका घेतलेला नाही. धाकट्या लेकीचा, सेन्काचासुद्धा.

काल अंगणात आम्ही मिरच्या भाजत होतो. तिची सासू साल सोलता सोलता म्हणाली, "गावाची तोंडं लागली पोराला. आईनं आवरायला नको होतं?"

"पहिलं तोंड तुमचंच होतं की, मावशी!" मी म्हणालो.

"मी आजी आहे त्याची, मेल्या!"

ल्युबिंका मिरच्या उलटत राहिली. तेवढ्यात सेन्का आली, गाल पुढे करून उभी राहिली.

"आई, दे ना."

"हात मिरचीचे आहेत गं."

"हातानं कुठं मागतेय?"

ल्युबिंका वाकली. अगदी जवळ गेली. मग ॲप्रनच्या टोकानं पोरीच्या गालावरची काजळी पुसली आणि पुन्हा चुलीकडे वळली. पोरगी गाल तसाच धरून उभी.

साहेब, ती दडलेली पेशी पहिल्या नमुन्यात होती की नव्हती? नव्हती निघाली तरी सांगा, आम्ही सोसू. पण बघायचंच नाही, हे कुणी ठरवलं? कुलूप कधी काढताय? उत्तर द्या.