चिखलराणी

"म्हाताऱ्या, तिला शेंगा नको देऊस, टरफलासकट खाईल," मी म्हणालो.

"म्हणून तर सोलून देतोय. तू तुझं बघ." ओडेलने उकडलेली शेंग सोलून दाणे बायकोच्या तळहातावर ठेवले. लोरीनने ते संकोचून घेतले.

"आभारी आहे हं, साहेब," ती म्हणाली.

ओडेलने मान फिरवून मैदानाकडे पाहिलं.

आम्ही दोघं चाळीस वर्षं एकाच टायरच्या दुकानात राबलो. फ्लोरिडाच्या दलदलीकाठच्या आमच्या गावात त्याची ओळख एवढीच, की चिखलातून बग्या, म्हणजे उंच चाकांच्या मोटारी, पळवायच्या शर्यतीत गडी अकरा वेळा उतरला आणि एकदाही पहिला आला नाही. आज फक्त बघायला आला होता. लोरीनला वृद्धाश्रमातून आणू नका, गर्दीला घाबरतील, असं नर्सने बजावलं होतं. पण हा ऐकतोय कुणाचं!

"दोन वर्षं झाली, मला ओळखत नाही," गाडीत तो मला म्हणाला होता. "इथे ओळखेल. इथेही नाही ओळखलं, तर मग कुठे रे?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. आमच्याकडची रीत अशी, की जिंकणाऱ्याने त्या वर्षी निवडलेल्या चिखलराणीला पांढऱ्या झग्यासकट, मुकुटासकट चिखलात ओढायचं. चोपन्न वर्षांपूर्वी लोरीन राणी होती आणि ओडेल सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा मोठा खड्डा आला आणि हा शहाणा खड्डा बघायचा सोडून काठावरच्या राणीला बघत बसला. बगी नाकापर्यंत बुडाली. क्लेटन नावाचा पोरगा जिंकला, त्याने लोरीनला चिखलात ओढलं. ओडेल मात्र नळापाशी तिची वाट बघत उभा राहिला, आणि तिच्या केसांतला चिखल त्याने धुऊन काढला. नाताळात लग्न झालं. शर्यत हरला पण राणी जिंकला, असं लोक चिडवायचे. त्याला ते फार आवडायचं.

शर्यत सुरू झाली. पुरुषभर उंचीच्या चाकांच्या बग्या गरजत पाण्यात घुसल्या आणि तपकिरी शिंतोडे थेट आमच्या तोंडावर आले. मी शिव्या घातल्या. लोरीन टाळ्या पिटायला लागली.

"बघ, बघ!" ओडेलने मला कोपरखळी मारली.

एक तांबडी बगी पहिली आली. चालवणाऱ्याने किंचाळणाऱ्या राणीला उचललं आणि धाडकन चिखलात उडी घेतली. लोरीन ताडकन उभी राहिली. ओडेलही उठला, त्याने तिचा हात हातात घेतला.

"लोरीन, आठवतंय का गं?"

"न आठवायला काय झालं?" ती हसली. तसं हसताना मी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. जमलं बाबा, असं मी मनात म्हटलं.

मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"जिंकलास, क्लेटन. छान चालवलीस. पण आता हात सोड हं. तिकडे नळापाशी ओडेल उभा आहे. फार भला माणूस आहे तो. त्याला वाईट वाटेल."

मला रडू आवरेना. मी उगाच तोंडावरचा चिखल पुसत बसलो.

"बरं, बाई," ओडेल म्हणाला. त्याने हात सोडला आणि तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बाकावर बसला.